मोह आला म्हणजे पाप झालं का?

सोलापूर

चि. बाळास,
प्रभूच्या नावात सप्रेम सलाम.

तुझा लांबलचक मेसेज मिळाला. फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. पुरवठादाराने मिठाईच्या बॉक्सखाली ठेवलेलं पाकीट बघून हाव सुटली, तर तिथेच पाप झालं का, असं तू विचारतोस. आणि प्रार्थना करून झोपलं तरी रात्री मोबाईलवर नको ते बघावंसं वाटतं, ही देवाने घेतलेली परीक्षा की सैतानाने लावलेला फास, हेही तुला कळत नाही.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. मोह येणं हे पाप नाही. इब्री लोकांस पत्राच्या 4:15 मध्ये येशूबद्दल लिहिलंय की तो सर्व बाबतीत आपल्यासारखाच पारखला गेला, तरी निष्पाप राहिला. मोहाची गाठ पडणं हेच पाप असतं, तर हे वचन खोटं ठरलं असतं. मात्र याचा अर्थ आतली हाव निरागस आहे असा काढू नकोस. येशूच्या मनात पापाकडे ओढणारं काही नव्हतं, आपल्या मनात आहे. ती ओढ वाटली की लगेच देवापुढे ठेवायची, पण 'माझं आता सगळं संपलं' असं म्हणून खचायचं नाही. कारण तसा खचलेला माणूस 'पाप तर झालंच आहे, मग घेऊनच टाकू' असं म्हणतो. मनातल्या विचारालाच पाप मानलं की हातून कृती फार सहज होते. तुझ्या बाबतीत मला हीच भीती जास्त वाटते.

याकोब आपल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात क्रम सांगतो: माणूस आपल्याच वासनेने ओढला जातो, भुलतो, वासना गर्भ धरते, पापाला जन्म देते, पाप पूर्ण वाढलं की मरण आणतं. पुढे चर्चचे जुने आचार्य ऑगस्टीन (354–430) आणि पोप ग्रेगरी (पोपपदाचा काळ 590 ते 604) यांनी या क्रमाच्या तीन पायऱ्या लावल्या: मनात सूचना येते, मन तिची गोडी चाखतं, मग माणूस तिला संमती देतो. सूचना आपल्या हातात नसते. गोडी अर्धीमुर्धी असते. संमती पूर्ण आपली. म्हणून लढाई गोडीच्या पायरीवर करायची. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या मागावर ताण्याचा एक धागा तुटला तर माग तिथेच थांबवून गाठ मारतात. तसाच चालू ठेवला, तर चादरीच्या लांबीभर रेघ उमटते. मनातल्या गोडीचंही तसंच आहे.

2 शमुवेलचा 11 वा अध्याय आज रात्री हळूहळू वाच. राजे लढाईला निघतात तो हंगाम, पण दावीद यरुशलेमेतच राहिला आहे. संध्याकाळी बिछान्यातून उठून गच्चीवर फिरतो, तिथून स्त्री स्नान करताना दिसते. इथवर फक्त दिसलं. मग तो माणूस पाठवून ती कोण याची चौकशी करतो. उत्तर येतं: ती उरियाची बायको. बघ, थांबायची जागा त्याच्या हातात आणून दिली होती, तीही नावानिशी. तरी तो दूत पाठवून तिला बोलावून घेतो. ती गरोदर राहते. पुढचं सगळं ते झाकण्यासाठी: उरियाला रणातून बोलावणं, घरी जा म्हणणं, तो राजवाड्याच्या दाराशीच झोपला तेव्हा त्याला दारू पाजणं, आणि शेवटी त्याच्याच मरणाचा हुकूम लिहिलेलं पत्र त्याच्याच हाती देणं. व्यभिचाराचा विचार करणारा माणूस खुनापर्यंत गेला, तो एका उडीत नाही. प्रत्येक पायरीवर मागे फिरता आलं असतं, पण दर पायरीला ते आधीपेक्षा महाग पडत गेलं. आणि तो रिकामा होता, एकटा होता, त्याला अडवणारं कुणी नव्हतं, हेही लक्षात घे. तुझी रात्री साडेअकराची खोली तशीच असते.

आता परीक्षा आणि मोह. एकाच प्रसंगात दोन्ही असू शकतात. हेतू कुणाचा काय, यावर फरक ठरतो. देव कुणालाही पापाच्या मोहात घालत नाही, हे याकोब 1:13 मध्ये स्पष्ट आहे. पण देव कस लावतो, हेही तितकंच खरं. अब्राहामाची परीक्षा पाहिली असं उत्पत्ती 22 मध्ये आहे, आणि रानातली चाळीस वर्षं इस्राएलाच्या मनात काय आहे ते दिसावं म्हणून होती, असं बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 8:2 मध्ये. सैतान पाडण्यासाठी हलवतो, देव पक्कं करण्यासाठी. योसेफाचं उदाहरण घे. त्याच्या मालकाच्या, पोटीफरच्या, बायकोने रोज गळ घातली. त्याने नाही म्हटलं, कारणही सांगितलं, तिच्याजवळ थांबणंही टाळलं. शेवटी घरात कुणी नसताना तिने वस्त्र धरलं तेव्हा ते तिच्या हातात सोडून तो पळाला. बक्षीस काय मिळालं? तुरुंग. नाही म्हटलं की देव लगेच भलं करतो, अशी समजूत घेऊन तू कामावर गेलास तर पहिल्याच महिन्यात तुझा विश्वास हादरेल. पाकीट परत करणाऱ्याला कधी कधी साहेबांची नाराजीही सोसावी लागते. ती नाराजी म्हणजे तू चुकलास असं नव्हे.

म्हणून 'हे देवाकडून की सैतानाकडून' यावर रात्र घालवू नकोस. 'यात आता देवाला माझ्याकडून काय हवंय' हा प्रश्न विचार. त्याचं उत्तर बहुधा लगेच मिळतं.

मत्तयाच्या चौथ्या अध्यायावर, रानात उपाशी असलेल्या येशूला सैतान धोंड्यांच्या भाकरी कर म्हणतो तिथे, जरा थांबते, कारण ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी पुष्कळ मंडळ्यांत तोच उतारा वाचतात आणि आपण तो पाठ म्हणून ऐकून सोडून देतो. त्याच्या आधीच्याच ओळीत, बाप्तिस्म्याच्या वेळी, आकाशवाणी झाली आहे की हा माझा परमप्रिय पुत्र. आणि सैतानाचं पहिलं वाक्य 'तू देवाचा पुत्र असलास तर' असं सुरू होतं. जे नुकतंच देवाने सांगितलं, त्यावरच घाव. तुझ्या बाबतीतही सैतान आधी भाकरीबद्दल बोलत नाही. आधी 'तू देवाचा आहेस तर असं का वाटतं तुला?' असं म्हणतो. येशू आपलं पुत्रपण सिद्ध करायला जात नाही. तिन्ही मोहांना तो उत्तरं 'अनुवाद' पुस्तकातूनच देतो, 8:3, 6:16 आणि 6:13. ते इस्राएलाच्या रानातल्या वर्षांबद्दलचे शब्द आहेत. जिथे ते घसरले तिथे तो उभा राहिला. मंदिराच्या शिखरावर तर सैतानच वचन म्हणतो, स्तोत्र 91 मधलं. पण 'तुझ्या सर्व मार्गांत' एवढे शब्द गाळतो. देवाच्या वाटेने चालणाऱ्याला दिलेलं संरक्षण तो उडी मारणाऱ्याला लावतो. एखादं वचन तुला हवं ते करायची मोकळीक देत असेल, तर त्याच्या मागच्या-पुढच्या ओळी वाच, मगच पुढे जा.

1 करिंथ 10:13 चंही असंच होतं. सांत्वनाला गेलेले लोक ते म्हणतात, देव सोसवेल तेवढंच दुःख देतो. त्या अध्यायात दुःखाचा विषय नाही. मोह आणि मूर्तिपूजेचा आहे. पौल स्वतः 2 करिंथ 1:8 मध्ये आपल्या शक्तीपलीकडे भार पडल्याचं सांगतो. पापाच्या मोहाबद्दल मात्र वचन पक्कं आहे: निभावण्याचा उपाय देव मोहाबरोबरच देतो. तो उपाय सहसा सुरुवातीलाच असतो आणि अगदी साधा असतो, म्हणून दिसत नाही. पाकीट उघडण्याआधी परत करणं हा उपाय आहे. पैसे मोजून झाल्यावर नवा उपाय शोधणं फार अवघड.

आता कामाचं. बाबेलात कैद करून नेलेल्या दानीएलाने तिथल्या राजाच्या अन्नाने विटाळायचं नाही हे ताट समोर येण्याआधीच मनात ठरवलं होतं, आणि अधिकाऱ्याशी भांडण न करता दहा दिवसांची चाचणी मागितली. तूही वाक्य आधीच पाठ कर: "साहेब, मिठाई सगळ्यांत वाटतो, पाकीट मात्र मला चालत नाही." त्यापेक्षा जास्त खुलासा करू नकोस, खुलाशातूनच घासाघीस सुरू होते. बॉक्स त्याच्यासमोर, टेबलावर, दुसऱ्या सहकाऱ्याच्या देखत उघड. पाकीट निघालं तर तिथल्या तिथे परत. तो गेल्यावर लक्षात आलं तर त्याच दिवशी परत पाठव आणि तुझ्या साहेबांना दोन ओळींचा ईमेल टाक. रात्रभर घरी ठेवू नकोस. रात्री ते पैसे हप्त्याला, आईच्या औषधाला, चर्चच्या वर्गणीला, कशाकशाला तरी लागतील असं मन पटवून देतं. चांगली कारणं सुचू लागली की समज, गोडी सुरू झाली.

मोबाईलचं वेगळं आहे. तिथे समोर माणूस नाही, लाज नाही, म्हणून निर्धारावर विसंबू नकोस. दहा वाजता फोन चार्जिंगला खोलीबाहेर, स्वयंपाकघरात लाव. गजर लावायला साधं घड्याळ घे. दुसरं, तुझ्या मंडळीतल्या एका वयाने मोठ्या, तोंड घट्ट असलेल्या माणसाला सांग. जेसुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने सोळाव्या शतकात लिहून ठेवलंय की शत्रूला सगळ्यात जास्त हवी असते गुप्तता. जाणत्या माणसापुढे गोष्ट उघडी केली की त्याचा डाव मोडतो. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, त्याने तुला सरळ विचारायचं आणि तू सरळ सांगायचं. तिसरं, सोडलेली जागा रिकामी ठेवू नकोस. मत्तय 12 मधलं झाडून-लोटून ठेवलेलं घर रिकामं होतं, म्हणूनच तिथून निघालेला दुष्ट आत्मा आणखी सात आत्मे घेऊन परतला. 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत केलेले निश्चय बहुतेक इथेच मोडतात. काय करणार नाही हे ठरतं, त्या वेळेत काय करणार हे ठरत नाही. रात्री साडेदहा ते अकरा स्तोत्रं मोठ्याने वाच. किंवा घरी फोन कर, आम्ही जागे असतो.

एक गोष्ट लोक विसरतात. संदेष्टा एलीया कर्मेल डोंगरावर बआल देवाच्या संदेष्ट्यांवर जिंकला आणि दुसऱ्याच प्रसंगी झुडपाखाली बसून मरण मागू लागला. देवाने त्याला उपदेश केला नाही. दूताने निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई दिली, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं. नाइट शिफ्ट, वडापावावर काढलेला दिवस आणि चार तास झोप, यातून येणारी प्रत्येक उदासी आत्मिक नसते. दोन-तीन आठवडे मन उठतच नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर डॉक्टरकडे जा आणि आम्हाला कळव. त्याला अविश्वास म्हणणाऱ्याचं ऐकू नकोस. दुःखात पडलेल्या ईयोबाच्या मित्रांनीही असाच दोष त्यालाच दिला होता, आणि देव त्यांच्यावर रागावला. आणि मन कोरडं पडलेलं असताना नोकरी, मंडळी, लग्न यांबद्दलचा आधी नीट विचार करून घेतलेला निर्णय बदलू नकोस. हाही इग्नेशियसचाच नियम.

पडलास तर? येशूला ओळखत नाही म्हणणारा पेत्र आणि त्याला पैशांसाठी धरून देणारा यहूदा, दोघेही एकाच रात्री पडले, दोघांनाही पस्तावा झाला. यहूदा नाणी टाकून एकटा निघून गेला. पेत्र रडला, पण इतर शिष्यांतच राहिला, म्हणून समुद्राकाठी येशूने तीनदा विचारलं तेव्हा तो तिथे होता. त्यामुळे पडल्यावर रविवार चुकवू नकोस. त्याच दिवशी कबूल कर, आणि 'प्रभू, माझ्या चुका माफ कर' असं मोघम नको. काय केलं ते नाव घेऊन सांग. आपण पापं कबूल केली तर देव क्षमा करतो, हे 1 योहान 1:9 चं वचन धरून ठेव, आणि क्षमा मिळाली की तीच कबुली रोज रोज उगाळत बसू नकोस.

राहिलं ते दिवाळीतलं गिफ्ट व्हाउचर, जे तू वापरून टाकलंस असं शेवटच्या ओळीत लिहिलंयस. देवाने क्षमा केली तरी ते परत करणं उरतंच. जकातदार जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत देतो म्हटलं. तू निदान तेवढी रक्कम तरी भर. पुरवठादाराच्या हातात रोख देऊ नकोस, त्याचा पुन्हा हिशेब होतो. आधी साहेबांना लेखी सांग, कुणाकडून, केव्हा, किती रकमेचं. कंपनीचा नियम काय आहे ते त्यांनाच विचार, आणि ते सांगतील तिथे बँकेतून भर, पावती जपून ठेव. या पगारात जमत नसेल तर पप्पा अर्धी रक्कम पाठवतील, उरलेली तू दोन हप्त्यांत दे. साहेबांशी सोमवारी बोल. तू आत जाशील तेव्हा आम्ही दोघं इथे प्रार्थनेला बसू, वेळ तेवढी कळव.

तुझी,
आई

ता. क. इब्री 13:5 पाठ कर: द्रव्यलोभापासून दूर राहा, जवळ आहे त्यात समाधानी राहा. पाकिटासाठी तेच वचन आहे.