घशातले मस ‘मुळापासून’ काढायचा हट्ट नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थंडी पडली की आपल्या पुरवणीत बालदम्यावर लेख येतात आणि ते उपयोगीही असतात. पण दम्याच्या नावाखाली लपून राहणाऱ्या एका दुखण्याचा उल्लेख त्यांत क्वचितच असतो, म्हणून हे पत्र. मी पुण्यातल्या एका रुग्णालयात कान-नाक-घशाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारिका होते. आता निवृत्त आहे.

लहान मुलांच्या स्वरयंत्रावर मस येतात. पॅपिलोमा म्हणतात त्यांना. दुखणं विरळा आहे, पण ज्या घरात येतं त्या घराला वर्षानुवर्षं सोडत नाही. बहुतेक मुलांत ते पाच वर्षांच्या आतच कळतं. आधी आवाज बसतो आणि महिनोन्‌महिने सुटत नाही, रडणंसुद्धा घोगरं येतं. मग श्वास आत घेताना आवाज यायला लागतो. दम्याची घरघर बहुधा श्वास सोडताना ऐकू येते, एवढा फरक पालकांनी ध्यानात ठेवला तरी पुष्कळ. नाहीतर पंप, वाफ, ज्येष्ठमध, हळदीचं दूध असं सगळं करून मूल आमच्याकडे येतं ते गळ्याखालचा खड्डा ओढत, धापा टाकत.

कारण एचपीव्ही विषाणू, त्यातही ६ आणि ११ हे प्रकार. बाळंतपणात तो बहुधा आईकडून येतो. म्हणून आईला दोष देणारी सासरची मंडळी मी पाहिली आहेत. त्यांना सांगावंसं वाटतं की हा विषाणू असंख्य बायकांच्या अंगात असतो, त्यांना पत्ताही नसतो, आणि बहुसंख्य बाळांना काही होत नाही. सिझेरियन केलं म्हणजे बाळ नक्की वाचतं, असंही नाही.

आता ऑपरेशनचं. ‘डॉक्टर, लेझरने एकदाच मुळापासून काढून टाका,’ ही मागणी थिएटरच्या दाराशी नेहमीची. ‘लेझर’ ठळक छापलेल्या फलकांनी ती वाढवलीच आहे. पण विषाणू मसाच्या शेजारच्या, दिसायला चांगल्या असलेल्या अस्तरातही दबा धरून असतो. त्याला उपटून काढणारं हत्यार अजून कुणाकडे नाही. मस परत येणार हे धरूनच श्वासाची वाट मोकळी करायची, आवाज राखायचा आणि व्रण कमीत कमी ठेवायचा.

मॉनिटरवर ते मस पिकत आलेल्या तुतीच्या घोसासारखे दिसतात. दोन्ही स्वररज्जू पुढच्या बाजूला जिथे मिळतात, तिथेही असतात. चांगला सर्जन तिथे मुद्दाम हात आखडता घेतो. दोन्ही बाजू एकाच वेळी खरवडल्या तर कच्च्या जागा एकमेकींना चिकटतात आणि मध्ये पडदा धरतो. मस परवडला, पण तो पडदा नको! म्हणून एक बाजू पुढच्या खेपेला ठेवतात. बाहेर बसलेल्या आईला मात्र वाटतं, काम अर्धवट सोडलं.

कार्बन डायऑक्साइड लेझर १९७०च्या दशकापासून वापरात आहे. रक्तस्राव कमी होतो, नेमकेपणा येतो. पण उष्णता खोल गेली तर व्रण राहतो. शिवाय ऑक्सिजन आणि लेझर एकत्र म्हणजे श्वासनलिकेत आग लागण्याचा धोका. मुलाच्या डोळ्यांवर-तोंडावर ओलं गॉझ ठेवायचं, सलाइनची सिरिंज भरून हाताशी ठेवायची, धूर ओढून घ्यायचा (त्यात विषाणूचे अंश असतात), ही सारी आमची कामं. मायक्रोडिब्रायडर म्हणजे फिरतं पातं आणि सक्शन एकाच नळीत. तो भाजत नाही, भराभर काम करतो. म्हणून मोठ्या घोसांसाठी अनेक सर्जन आता तोच हाती घेतात. साधा चिमटाही बाद झालेला नाही, तपासणीचा तुकडा त्यानेच घेतात. कोब्लेशनही (सलाइनमध्ये विजेच्या लहरींनी, कमी उष्णतेत मस विरघळवणं) काही ठिकाणी होतं. माझ्या मते, यंत्र कोणतं यापेक्षा ते चालवणारा हात आणि शेजारी उभा असलेला भूलतज्ज्ञ महत्त्वाचा. सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही तीच एक चिंचोळी वाट वापरायची असते. ‘लहान मुलांच्या श्वासनलिकेची भूल नेहमी देता का?’ हे आधी विचारा, लेझरचं नंतर.

श्वासासाठी गळ्याला भोक पाडणं शक्यतो टाळतात, कारण मस तिथून खाली पसरू शकतात. जीवावर बेतलं तर मात्र इलाज नसतो. वारंवार उगवणाऱ्या मसांसाठी सिडोफोविर, बेव्हॅसिझुमॅब ही औषधं जोडीला देतात. पहिलं विषाणूविरोधी, दुसरं मूळचं कॅन्सरचं. शिरेतून दिल्यावर काही गंभीर रुग्णांत, फुप्फुसापर्यंत पोचलेल्या आजारातही, त्याने चांगला गुण आला आहे. २०२५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, या आजारावरच्या पहिल्या औषधाला मान्यता दिली, पण ती प्रौढांपुरती.

काही मुलांना वर्षात चार-पाचदाही थिएटरमध्ये यावं लागतं. सोलापूर, बीडकडची माणसं पैसे संपले की रुग्णालय बदलतात, आणि नव्या डॉक्टरला आधी काय सोडलं, कुठे व्रण झाला हे कळतच नाही. दुर्बिणीचं रेकॉर्डिंग होतंच, मग त्याची प्रत प्रत्येक वेळी पालकांच्या हाती द्यायला काय हरकत आहे? धर्मादाय रुग्णालयांत निर्धन आणि दुर्बल रुग्णांसाठी प्रत्येकी दहा टक्के खाटा राखीव असतात, हेही या पालकांना प्रवेशाच्या खिडकीवरच सांगितलं जावं.

आणि लस? सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ ही एचपीव्हीची लस इथे आपल्याच पुण्यातली, जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली. ती ६ आणि ११ या प्रकारांवरही काम करते. तिच्याबद्दल बोलताना मात्र फक्त गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं नाव निघतं. ऑस्ट्रेलियात २००७ पासून मुलींना अशी चार प्रकारांवरची लस दिली गेली आणि पुढे मुलांमधल्या या मसांचे नवे रुग्ण फार कमी झाले. आज लस घेणाऱ्या मुलीच्या उद्याच्या बाळाचाही यात फायदा आहे, एवढं वाक्य तरी शाळांच्या पालकसभांत आणि आपल्या पुरवणीत यावं, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
सदाशिव पेठ, पुणे