यावेळी जिराफाची मान दिसू दे

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर बोलले असते तर आईने दोन मिनिटांत "नको गं, कशाला" म्हणून विषय मिटवला असता आणि बाबांनी फोन तिच्याच हातात देऊन टाकला असता. म्हणून लिहितेय. तिकिटं काढली आहेत. सिंगापूर, पाच रात्री, फक्त तुम्ही दोघं. पैसे परत मिळणारी तिकिटं नाहीत, हेही आत्ताच सांगून टाकते.

मी येत नाहीये. रजा मिळाली असती. पण मी आले की आई माझी पिशवी सांभाळणार आणि बाबा मला काय हवं-नको बघत फिरणार. परत तेच. राग मानू नका. दादाशी बोलणं झालंय. आधी तो म्हणाला, "या वयात दोघांना एकटं कसं पाठवायचं?" मग मी त्याला अल्बममधला, आमच्या लहानपणी प्राणिसंग्रहालयात काढलेला तो फोटो पाठवला.

आठवतो ना? दादा आणि मी कठड्याला टेकून उभे, आणि आमच्यामागे जिराफाचे नुसते पाय. मान नाही, तोंड नाही. बाबा, तुम्ही कॅमेऱ्यातून आमचीच तोंडं बघत होतात. आई तर फोटोत नाहीच. डाव्या कडेला तिची दोन बोटं आणि त्यांत धरलेला दादाचा स्वेटर, एवढंच. परवा बराच वेळ मी त्या बोटांकडे बघत बसले होते. मला त्या दिवशीचा हत्ती आठवतो, बाबांच्या खांद्यावरून दिसलेला. त्यांचे केस मी मुठीत धरले होते तेही आठवतं. तुम्ही दोघांनी त्या दिवशी काय पाहिलंत, हे मात्र मी कधी विचारलंच नाही.

आई, तुझ्या मनात आत्ता ते अस्वल आलं असणार. गजांमागे पाच पावलं इकडे, पाच पावलं तिकडे, आणि वळताना दरवेळी तसाच मानेला झटका. त्याच्या चालण्याने फरशीवर गुळगुळीत पट्टा पडला होता. तू आमचे हात धरून बाहेर आणलंस आणि पुन्हा कधी नेलं नाहीस. तुझं बरोबरच होतं. कोंडलेल्या, दिवसभर करायला काही नसलेल्या जनावराची ती खूण असते, हे मी पुढे वाचलं. तू ते न वाचता ओळखलं होतंस. म्हणून ठिकाण ठरवताना मी आधी हेच बघत होते.

सिंगापूरचं प्राणिसंग्रहालय १९७३ साली सुरू झालं. तिथे बऱ्याच ठिकाणी गज नाहीतच. प्राणी आणि माणसं यांच्यामध्ये खंदक, पाणी आणि दाट झाडी आहे. बाबा, तुम्हाला आवडेल म्हणून सांगते, ही कल्पना कार्ल हागेनबेक या जर्मन प्राणी-व्यापाऱ्यांची. १९०७ साली त्यांनी हॅम्बर्गजवळ असं प्राणिसंग्रहालय उभारलं. कोणता प्राणी किती लांब उडी मारतो हे आधी तपासायचं आणि मग त्या हिशेबाने खंदक खणायचा. आणि आई, तिथे इनुका नावाचं ध्रुवीय अस्वल होतं, तिथेच जन्मलेलं. २०१८ साली ते गेलं. या हवेत आता पुन्हा ध्रुवीय अस्वल ठेवायचं नाही, हे तिथल्या लोकांनीच ठरवलं. हे वाचलं आणि मग मी तिकिटं काढली.

आणि प्राणिसंग्रहालयांमुळे काही जनावरं वाचलीही आहेत. अरबी ओरिक्स हे शिंगवालं हरीण १९७२ च्या सुमारास रानातून पार नाहीसं झालं होतं. प्राणिसंग्रहालयांत वाढवलेल्या कळपांतून १९८२ साली ते ओमानच्या वाळवंटात परत सोडता आलं. मंगोलियातल्या रानघोड्यांचंही १९९२ साली तसंच झालं. तरी वाघाला जंगलात लागते तेवढी जागा कुठलंच प्राणिसंग्रहालय देऊ शकत नाही, हे मलाही कळतं. तुला कुठे काही खुपलं, तर सरळ बाहेर ये. मला वाईट वाटेल म्हणून थांबू नकोस.

पण ओरांगउटान बघितल्याशिवाय मात्र येऊ नकोस. तिथे ती झाडांवर, तुमच्या डोक्यावरून फिरतात. वर बघत उभी राहा, घाई करू नकोस. ओरांगउटानची आई एका पिल्लाला सहा-सात वर्षं सांभाळते. कोणतं फळ केव्हा पिकतं आणि रात्रीचं घरटं कसं बांधायचं, हे सगळं तिच्याकडूनच त्याला कळतं. तोवर पुढचं पिल्लू सहसा होत नाही.

नाइट सफारी वेगळ्या दिवशी ठेवली आहे. एका दिवसात दोन्ही करायचं नाही, बाबा, वेळ उरला तरीही. दिवसा नुसती झोपून राहणारी कितीतरी जनावरं रात्रीच जागी होतात, म्हणून १९९४ साली त्यांनी खास रात्रीसाठीच हे काढलं. चांदणं पडल्यासारखा मंद उजेड असतो आणि ट्राममध्ये बसून फिरायचं. ट्राम सुटली की मोबाइल पिशवीत. अंधाराला डोळे सरावायला चांगली वीस मिनिटं लागतात, आणि एकदा स्क्रीन बघितला की सगळं पहिल्यापासून. फ्लॅश तर अजिबात नाही, त्या प्राण्यांच्या डोळ्यांना त्रास होतो. तिथला टेपिर, म्हणजे डुकरासारखा दिसणारा एक प्राणी, नक्की बघा, पुढून काळा, मधे पांढरा. अंधारात त्या पांढऱ्या पट्ट्यामुळेच त्याचा आकार तुटतो आणि तो जनावर वाटतच नाही. बाबा, कानाचं यंत्र लावून जा. रातकिड्यांचा आवाज मला तुमच्याकडून ऐकायचा आहे.

मार्चमधल्या त्या रात्रीनंतर मला नीट झोप लागत नाही. मी पोहोचले तोवर सगळं निस्तरलं होतं, आणि आई, तू मलाच विचारलंस, "जेवलीस का?" तेव्हापासून मनात होतं की तुम्ही दोघांनी आता कुठेतरी जावं. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, असं नको. डॉक्टरांना मी स्वतः विचारलंय, दोनदा. सावकाश चालायला त्यांची काही हरकत नाही.

खोली लिफ्टजवळची मागितली आहे. न्हाणीघरात धरायला दांडा आहे, फोन करून खात्री केली. गरम पाण्याची किटली खोलीतच आहे, त्यामुळे आईला पहाटे कुणाची वाट बघावी लागणार नाही. आणि आई, व्हीलचेअरही सांगून ठेवली आहे. तू चालू शकत नाहीस असं मी म्हणत नाहीये. गुडघा कुरकुरायला लागला की तुझं सगळं लक्ष पायाखाली जातं आणि झाडावरचं राहून जातं, एवढ्यासाठीच. नको वाटली तर तिच्यावर पिशव्या ठेव.

आता ऐका. सकाळी दार उघडायच्या वेळेला पोहोचा. ऊन चढलं की जनावरं सावलीला जाऊन पडतात. दुपारी खोलीवर परत येऊन आडवं व्हायचं. तिकडे बाराही महिने उकाडा आणि दुपारी एकाएकी पाऊस, तेव्हा सुती कपडे आणि छत्री. नवीन चपला घालून जायचं नाही, आजपासून त्या घरात घालायला लागा. बाबांच्या साखरेच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही. रांगेत उपाशी उभं राहायचं नाही. रोज रात्री एक मेसेज, नुसतं "आलो" लिहिलंत तरी चालेल.

आणि जिराफापाशी गेलात की फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या. बाबा, संकोच करू नका, लोक आनंदाने काढून देतात. तुम्ही आईच्या शेजारी उभे राहा. फोन आडवा नको, उभा धरायला सांगा, म्हणजे मान मावेल.

तुमची,
छकुली