बाबांच्या गजकर्णाविषयी

मँचेस्टर

तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार. वि. वि.

दादाने पाठवलेले फोटो मी मोठे करून नीट पाहिले. तुमच्या कमरेवरचे चट्टे गजकर्णाचेच असावेत असे मला वाटते. परंतु त्यांची कड पुसट झाली आहे आणि एका वर्तुळात दुसरे वर्तुळ दिसते, ते मलमामुळे. नाक्यावरच्या औषधाच्या दुकानातून तुम्ही आणता त्या ट्यूबवर बुरशीच्या औषधाबरोबर क्लोबेटासोलचे नाव आहे. ते तीव्र स्टेरॉइड आहे. 2018 मध्ये अशी अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम सरकारने केला, तरी ती ट्यूब तुम्हाला नुसती मागून मिळते, याचा मला फार राग येतो.

गजकर्णाची बुरशी त्वचेच्या अगदी वरच्या, मृत थरातील केराटिन या प्रथिनावर जगते. लाली आणि खाज ही तिच्याशी झगडणाऱ्या शरीराची प्रतिक्रिया असते. स्टेरॉइड ही प्रतिक्रियाच दाबून टाकते, म्हणून दोन दिवसांत बरे वाटते. बुरशी मात्र आडकाठी न राहिल्याने निवांत पसरते आणि मलम थांबवताच पूर्वीपेक्षा जास्त उफाळते. शिवाय जांघेसारख्या जागी त्वचा पातळ होऊन पडलेले चरे कायमचे राहतात. ही ट्यूब आजच टाकून द्या. त्यानंतर काही दिवस खाज वाढेल, तेवढी सोसावी लागेल. पण तेवढ्यासाठी पुन्हा त्याच दुकानात जाऊ नका.

त्वचारोगतज्ज्ञांना दाखवताना त्वचेची खरवड तपासायला सांगा. चट्ट्याच्या कडेवरचा कोंडा बोथट पात्याने खरवडून काचेवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात, म्हणजे त्वचेच्या पेशी विरघळून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे फांद्या फुटलेले तंतू स्पष्ट दिसतात. मी इथल्या प्रयोगशाळेत हेच काम करते. तंतू एकदा डोळ्यांनी दिसले की इसब की सोरायसिस की गजकर्ण, हा वाद बहुधा तिथेच मिटतो. नमुना देण्याआधी काही दिवस चट्ट्यांवर कोणतेही मलम लावू नका, नाहीतर बुरशी असूनही दिसणार नाही. बुरशी वाढवून पाहण्याची तपासणी सांगितली, तर तिला तीन-चार आठवडे लागू शकतात.

पूर्वी दोन-चार आठवड्यांत जाणारा हा आजार आता महिनोन्‌महिने का रेंगाळतो, हेही सांगते. जपानमध्ये नेपाळी आणि भारतीय रुग्णांकडून मिळालेल्या एका बुरशीला 2020 मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असे नाव दिले गेले. टर्बिनाफाइन हे नेहमीचे औषध बुरशीच्या ज्या एन्झाइमवर काम करते, त्या एन्झाइममध्येच हिच्या अनेक वाणांत बदल झालेला आहे, त्यामुळे ते औषध पुष्कळदा निष्प्रभ ठरते. आता ती ब्रिटनमध्येही आढळते. अशा वेळी डॉक्टर बहुधा इट्राकोनॅझोल देतात, आणि इथे तुमच्या बाबतीत विशेष सावध राहिले पाहिजे. तुमची कोलेस्टेरॉलची गोळी आणि हे औषध एकत्र घेणे धोक्याचे ठरू शकते. या कॅप्सूल जेवणानंतर घ्यायच्या असतात आणि तुम्ही सकाळी घेता त्या अ‍ॅसिडिटीच्या गोळीमुळे त्या अंगी लागत नाहीत. म्हणून मधुमेहाच्या गोळ्यांसकट सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा, आणि हृदयाचा किंवा यकृताचा पूर्वीचा काही त्रास असेल तर तोही सांगा. साखर आटोक्यात नसेल तर बुरशी हटत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

मलम नुसत्या चट्ट्यावर न लावता त्याच्या कडेबाहेर दोन बोटे जागेवरही लावायचे असते. डाग दिसेनासे झाले, तरी डॉक्टर सांगतील तोवर उपचार सोडू नका. अर्धवट सोडलेल्या उपचारानंतरच हा आजार पुन्हा डोके वर काढतो. आत्या टाकळ्याचा पाला वाटून चोळायला सांगते आहे, तिला माझा नमस्कार सांगा, पण सोललेल्या त्वचेवर तो लावू नका.

आईलाही नाडीच्या जागी खाज आहे आणि दादाच्या मुलाच्या मानेवर चकंदळ उठले आहे, म्हणजे घरातल्या सर्वांनी एकाच वेळी तपासून घेतले पाहिजे, नाहीतर एक बरा होईतो दुसऱ्याकडून पुन्हा लागण होईल. प्रत्येकाचा पंचा वेगळा असू द्या. ठाण्याच्या पावसाळ्यात गॅलरीतल्या दोरीवर कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात, तेव्हा आतले कपडे गरम पाण्यात धुऊन, उलटे करून, शिवणींवरून इस्त्री फिरवूनच घाला. दादा लोकलच्या गर्दीतून घामाने किंवा पावसाने भिजून येतो. त्याने आल्याबरोबर अंघोळ करून जांघा आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात आणि जीन्सऐवजी सैल सुती पँट वापरावी.

खासगी दवाखान्याची वेळ लवकर मिळत नसेल, तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयातील त्वचारोग विभागात दादाबरोबर जा. खरवडीचा अहवाल हाती आला की त्याचा फोटो मला पाठवा.

आपली लेक