चार लाल नोंदी आणि बारा वर्षांची नोकरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी फौजेतली निम्म्याहून अधिक नोकरी पलटणीच्या ऑफिसात क्लार्क म्हणून गेली. जवानाला मोठी शिक्षा झाली की शीट रोलवर, म्हणजे त्याच्या नोकरीच्या नोंदींच्या कागदावर, लाल शाईची नोंद पडते. पलटणीत तिला 'लाल एंट्री' म्हणतात. अशा कितीतरी नोंदी माझ्या हातून झाल्या, म्हणून हे पत्र लिहायचा मला हक्क आहे असे मी समजतो.

गेल्या महिन्यात आमच्या वाडीतला एक माजी जवान रात्री घरी आला. प्लास्टिकच्या पिशवीत दोन वेळा गुंडाळलेले डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सोडल्याचे पुस्तक, त्याने माझ्यापुढे ठेवले. "तात्या, यात माझ्याबद्दल नेमकं काय लिहिलंय ते वाचून सांगा," म्हणाला. 2003 साली घरी आल्यापासून ते पुस्तक त्याने बायकोलाही दाखवलेले नाही. गावाला वाटते, त्याने स्वतःहून नोकरी सोडली.

नोकरी 12 वर्षे 4 महिने. जवानाला पेन्शन बसते 15 वर्षांनी. कमी पडली 2 वर्षे 8 महिने. चार लाल नोंदींपैकी तीन सुट्टीवरून उशिरा परतल्याच्या. एकदा वडील दवाखान्यात होते, एकदा बहिणीचे लग्न मोडायच्या बेताला आले होते. तिसऱ्या वेळचे कारण त्याने सांगितले नाही, मीही विचारले नाही. चौथी नोंद हवालदाराशी झालेल्या शब्दाशब्दीची. याच बारा वर्षांत काश्मीरमध्ये नेमणुकीचे दोन कालावधी (टेन्युअर) आणि बर्फातल्या चौकीवर एक अख्खा हिवाळा त्याने काढला. नोकरीतून काढण्याची नोटीस आली, मित्राने सांगितले तसे उत्तर त्याने लिहून दिले आणि पंधराव्या दिवशी ट्रंक घेऊन तो स्टेशनवर होता. चौकशी झाली का, असे मी दोनदा विचारले. दोन्ही वेळा त्याने नकारार्थी मान हलवली.

1954 च्या आर्मी रूल्समधील नियम 13 खाली असे डिस्चार्ज होतात. पण 28 डिसेंबर 1988 च्या सैन्य मुख्यालयाच्या सूचना स्पष्ट आहेत. चार लाल नोंदी झाल्या म्हणून जवानाला आपोआप घरी पाठवता येत नाही. आधी निष्पक्ष चौकशी करायची, त्याची एकूण नोकरी, तो कुठल्या खडतर ठिकाणी राहिला हे पाहायचे आणि अगदी गरज असेल तरच काढायचे. हे कागदावर होते. पण 'चार लाल झाल्या की बिस्तरा बांध' हेच आम्ही ऐकत आलो. मीही तेच खरे मानत होतो. तशा नोटिसा मी स्वतः टाईप केल्या आहेत आणि आज त्याची टोचणी मला लागून आहे.

2015 मध्ये वीरेंद्रकुमार दुबे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. ते तोफखान्यातले जवान, 1980 चे भरती, त्यांनाही चार लाल नोंदींवरून काढले होते. सूचनांप्रमाणे चौकशी झाली नाही म्हणून न्यायालयाने डिस्चार्ज रद्द केला आणि पेन्शनला लागणारी नोकरी पुरी होईपर्यंत ते सेवेतच होते असे धरायला लावले. मागचा पगार मात्र दिला नाही. पण निकालाचा फायदा त्यालाच, जो कोर्टात गेला. फौजेतल्या नोकरीचे वाद ऐकणाऱ्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईला आहे खरे, पण त्याच्या 2007 च्या कायद्यात दाद मागायची मुदत सहा महिन्यांची. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याची कारणे पटवावी लागतात, वकील लावावा लागतो. आज रात्रपाळीला वॉचमनकी करणाऱ्या आमच्या या जवानाने बावीस वर्षांचा उशीर कशाच्या जोरावर समजावून सांगायचा?

अमेरिकेत लष्करी दलांचे डिस्चार्ज तपासणारी मंडळे आहेत. माजी सैनिक 15 वर्षांपर्यंत एक छापील अर्ज भरून डिस्चार्जचा दर्जा, म्हणजे सन्मानाने सोडले की नाही ही नोंद, सुधारून मागू शकतो. युद्धाचा मनावर झालेला आघात त्या गैरवर्तनामागे असेल, तर त्याकडे उदारपणे पाहा, असे त्यांच्या संरक्षण खात्याने 2017 मध्ये या मंडळांना बजावले आहे. तिथेही सगळ्यांना न्याय मिळतो असे नाही. पण कोर्टाची पायरी न चढता अर्ज टाकायला एक खिडकी आहे.

वारंवार गैरहजर राहणारा जवान पलटणीला जड होतो, त्याची ड्युटी दुसऱ्यावर पडते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. सगळ्यांनाच परत घ्या, सगळ्यांनाच पेन्शन द्या, असे माझे म्हणणे नाही. ज्यांची चौकशीच झाली नाही, त्यांच्या फाईली एकदा उघडून पाहा, एवढेच मागणे आहे. कागद रेकॉर्ड ऑफिसात आहेत. सूचना 1988 च्या आहेत. त्यानंतर चार नोंदींवर काढलेल्या जवानांची यादी करून चौकशीचा कागद फाईलला लागला आहे की नाही एवढे बघायला किती वेळ लागेल? तो नसेल तर जवानाला स्वतःहून कळवावे. संरक्षण मंत्रालयाने त्यासाठी मंडळ नेमावे आणि अर्ज जिल्हा सैनिक कार्यालयात घेण्याची सोय करावी.

पेन्शनइतकाच प्रश्न नावाचा आहे. गैरवर्तनावरून काढलेला माणूस सरकारी व्याख्येप्रमाणे 'माजी सैनिक' ठरतच नाही. कँटीन नाही, ईसीएचएसचा (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा) दवाखाना नाही, मुलाला सवलत नाही. पंधरा ऑगस्टला शाळेत माजी सैनिकांना पुढे बसवतात तेव्हा हा गडी मैदानाच्या कडेला, लिंबाखाली उभा असतो. मला वाटायचे, त्याला गर्दी आवडत नाही.

शीट रोलची नक्कल मागणारा अर्ज मी त्याला लिहून दिला आहे. आमच्या सातारा जिल्ह्यात घरटी फौजी असलेली गावे आहेत, तेव्हा तो एकटा नसणार. ज्यांच्या घरात असे डिस्चार्ज बुक ट्रंकेच्या तळाशी पडून असेल, त्यांनी आपला आर्मी नंबर घालून रेकॉर्ड ऑफिसला रजिस्टर पत्र पाठवावे आणि चौकशीच्या कागदाची नक्कल आवर्जून मागावी.

आपला,
एक निवृत्त हवालदार क्लार्क,
ता. कोरेगाव, जि. सातारा