भाकऱ्या कुणी थापल्या तेही लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रात एकांनी लिहिलं होतं की समाज बदलायचा तर मोठा माणूसच जन्माला यावा लागतो, बाकीची जनता नुसती मागनं चालणारी असते. वाचल्यापासून ते डोक्यातनं जाईना म्हणून लिहायला बसले. मी निपाणीची, अंगणवाडीत काम करते, मोबाईलवर टाईप करतेय त्यामुळं शुद्धलेखन सांभाळून घ्या.

माझी आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. तेव्हा आमच्या गल्लीत घरटी एक तरी बाई वखारीत नाहीतर विडीला असायचीच. आई संध्याकाळी आली की आधी परड्यात जाऊन लुगडं झाडायची आणि मगच घरात यायची, तरी आम्हाला शिंका यायच्याच. तंबाखू चाळून चाळून तिच्या बोटांच्या चिरांत काळं बसलं होतं, ते शेवटपर्यंत निघालं नाही. १९८० च्या सुमाराला युनियनचं वारं आलं. सुभाष जोशी सरांचं नाव सगळे घेतात आणि घ्यायलाच पाहिजे, वखारवाल्यांच्या गावात राहून वखारवाल्यांच्या विरोधात बोलायचं म्हणजे खायचं काम नव्हतं. पण सर वखारीच्या दाराबाहेर, आत बायकाच. आईच्या वखारीत युनियनची पहिली पावती फाडली ती आमच्या गल्लीतल्या एका मावशीनं, शाळेचं तोंड न बघितलेली बाई, पावतीवर अंगठा उठवला तिनं. दुसऱ्या दिवशी तिला दारातनंच परत पाठवलं. त्या दिवशी बाकीच्या बायका आत गेल्या, आपापल्या जागेवर बसल्या आणि चाळणीला हातच लावला नाही. आरडाओरडा नाही, घोषणा नाही, नुसत्या बसून राहिल्या, दुपारची भाकरी पण तिथंच बसून खाल्ली. तिसऱ्या दिवशी मावशी कामावर हजर. आईला मी विचारलं होतं, तुला भीती नाही वाटली? ती म्हणाली, वाटली की, पण तिची बसायची जागा मोकळी दिसत होती, तिकडं बघवेना.

आता ही मावशी मोठी म्हणायची की त्या बसून राहिलेल्या बायका? मावशी एकटीच असती तर घरी बसली असती, आणि मावशी पुढं झालीच नसती तर बाकीच्या आणखी वीस वर्षं मान खाली घालून चाळत बसल्या असत्या. पत्र लिहिणाऱ्यांनी हे कधी जवळनं बघितलेलं नसावं असं मला वाटतं.

मग १९८१. मी तेव्हा नऊ वर्षांची. तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशी आले, शेतकरी बैलगाड्या घेऊन पुणे-बेंगळूर हायवेवर येऊन बसले ते तीन आठवड्यांच्या वर तिथंच, त्या जागेला आंदोलननगरच नाव पडलं. शेतकरी आणि वखारीतल्या बायका तसं बघितलं तर वेगवेगळी माणसं, शेतकऱ्याला भाव पाहिजे होता आणि आईला मजुरी, पण तंबाखू स्वस्तात घेणारा आणि मजुरी कमी देणारा एकच हे आईला कुणी भाषण करून सांगायला लागलं नाही. ती रात्री उशिरा चूल पेटवायची आणि दहा-दहा भाकऱ्या जादा थापायची, वर खर्डा, फडक्यात बांधून सकाळी कुणातरी गाडीवानाबरोबर द्यायची. आमच्या घरात ज्वारी काही पोत्यानं नव्हती. ६ एप्रिलला गोळीबार झाला, १२ शेतकरी गेले. त्या दिवशी बांधलेलं फडकं चुलीपाशी तसंच पडून होतं, ते मला अजून दिसतं. हुतात्म्यांना दर वर्षी हार घालतात, घालायलाच पाहिजेत. पण इतके दिवस हजारो माणसं रस्त्यावर बसली तर ती जेवली कशी, त्यांच्या जनावरांना वैरण कुठनं आली, पाणी कुणी आणलं, हे मी कुठल्याच भाषणात ऐकलं नाही. पहिल्या तीन दिवसांतच माणसं उपाशी घरी गेली असती तर आंदोलन कुठलं आणि नेता कुठला.

आमच्या भागात दुसरी एक लढाई झाली, ती गर्दीत नाही, घराघरात झाली. सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लमाला मुली सोडायची चाल. कर्नाटकात देवदासी बंदीचा कायदा १९८२ चा. म्हणजे कागदावर विषय संपला. पण आमच्या शेजारच्या आक्काची जट त्यानंतर वीसेक वर्षांनी कापली. लहानपणी केसांत गुंता झाला, घरच्यांनी यल्लमाचं बोलावणं आलं म्हणून तिला देवाला सोडली. त्यानंतर तिचं काय काय झालं ते इथं लिहित नाही, तिनं लिहू नको सांगितलंय. अंधश्रद्धा निर्मूलनाची एक कार्यकर्ती तिच्याकडं यायची, वर्षभर तरी येत होती, चहा प्यायची, जटेचा विषय पण काढायची नाही, मानदुखीवर औषध आणून द्यायची. एक दिवस आक्का आपणच म्हणाली, कापतीस काय गं? मी तिथं होते. कात्री चालेना, जट इतकी घट्ट, शेवटी चार-चार केस करून तासभर कापत बसलो. शेवटचा पेड तुटला तशी आक्कानं पटकन दोन्ही हातांनी डोकं धरलं, यल्लमाआईचा कोप होणार म्हणून थरथरत होती. काही झालं नाही. मी कोमट पाण्यानं तिचं डोकं धुतलं, कितीतरी वर्षांनी तिच्या कातडीला पाणी लागलं असेल. मान इकडं तिकडं फिरवून बघत होती आणि म्हणाली, हलकं लागतंय गं. पुढच्या दोन वर्षांत तिनं स्वतः बरोबर जाऊन आणखी तिघींना तयार केलं. कायदा झाला नसता तर हे झालं नसतं हे खरं, पण कायदा काय कुणाच्या दारात जाऊन वर्षभर चहा पीत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या सीताव्वा जोडट्टी, सातव्या वर्षी देवाला सोडलेल्या, त्यांना २०१८ ला पद्मश्री मिळाली तेव्हा ही आक्का टीव्हीपुढं बसून रडली, म्हणाली, बघ, आमच्यातली हाय.

मोठी माणसं मोठी नव्हती असं मी म्हणत नाही. बाबासाहेब एप्रिल १९२५ ला निपाणीत बहिष्कृत परिषदेला आले तेव्हा वयाची चौतीस वर्षं पण पूर्ण नव्हती आणि महाडला अजून दोन वर्षं होती. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसला गांधीजी अध्यक्ष, आयुष्यात तेवढं एकदाच, आणि त्यामागं हुदलीच्या गंगाधरराव देशपांड्यांची केवढी धडपड. पण त्या अधिवेशनाला पाणी पाहिजे म्हणून जी विहीर खोदली ती काँग्रेस विहीर टिळकवाडीत आजही आहे, खोदणाऱ्यांची नावं मी तरी कुठं वाचली नाहीत.

आणि हे काय फक्त जुन्या काळातलं नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात आपल्याच बेळगाव जिल्ह्यात गुर्लापूर क्रॉसला ऊसवाले बसले, टनाला ३५०० मागत होते, शेवटी सरकारनं ३३०० ठरवले. माझा पुतण्या दोन रात्री तिथं राहून आला. भाषणं सगळी कन्नडात, याला कन्नड बऱ्यापैकी येतं, शेजारी बसलेल्यानं याचं बोलणं ऐकून एवढंच विचारलं, तुमच्याकडं तोडणी कधीपासनं? भाषेवरनं एक शब्द नाही. आमच्या भागात भाषेच्या प्रश्नानं माणसं किती पोळलीत हे तुम्हाला सांगायला नको, माझ्या घरात पण तो प्रश्न आहे आणि मी तो सोडलेला नाही, पण त्या रस्त्यावर एका ताटात जेवलेली माणसं त्यानं बघितली. रोट्या कुठनं यायच्या विचारलं तर म्हणाला, गावागावातनं, टेम्पो भरून. मी म्हटलं, थापल्या कुणी? त्याला काही सांगता येईना.

म्हणून संपादक साहेब तुमच्याकडं एक मागणं आहे. ६ एप्रिल आला की तुम्ही पुढाऱ्यांचे लेख छापता, छापा. पण आठवड्याला एक कोपरा या बायकांसाठी ठेवा, वखारीतल्या, विडीच्या, जट कापून घेतलेल्या, आणि रस्त्यावर बसलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांसाठी पण. नाव छापायचं की नाही ते त्यांना विचारूनच ठरवा, सगळ्यांना नाव नको असतं. घाई एवढ्यासाठी की वखारीतल्या त्या बायका आता मोजक्याच राहिल्यात, विडीचा धंदा पण बसत चाललाय, शिवारात तंबाखूच्या जागी ऊस आला, पुढच्या पोरांना वखार म्हणजे काय ते पण सांगावं लागेल. माझी आई गेली, तिला मी तरी थोडंफार विचारलं होतं.

पावती फाडणारी मावशी अजून आहे. ऐकायला कमी येतं पण बोलायला लागली की सगळं तारीखवार सांगते, ती पहिली पावती पण तिनं पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलीय, फोटो काढू देईल. तुमचा माणूस पाठवणार असाल तर सकाळी नऊनंतर पाठवा, तोवर ती परड्यात असते. घर दाखवायला मी येते.

आपली,
एक वाचक, निपाणी