चि. मुक्तास

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

पुण्याच्या चौघी कॅरिबियनमधल्या सेंट व्हिन्सेंटला उतरणार आणि तू त्यांना शिडाच्या बोटीने ग्रेनेडापर्यंत नेणार, हे आईकडून कळलं. मला का सांगितलं नाहीस ते समजलं. दादाच्या वेळचं तू विसरलेली नाहीस. असो. कप्तान तू आहेस, सूचना देणार नाही. एवढंच, दुपारी तीनच्या आत नांगर पडलेला असू दे.

तिथे सहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि लगेच काळोख होतो. टोबॅगो कीज या प्रवाळातल्या छोट्या बेटांमध्ये नुसत्या जीपीएसवर विसंबून चालत नाही, पाण्याचा रंग वाचावा लागतो. तपकिरी दिसलं की प्रवाळ, फिकट हिरवट-निळं म्हणजे वाळू, गर्द निळं म्हणजे खोल. पश्चिमेकडून शिरताना सकाळचं ऊन डोळ्यांवर येतं, म्हणून अकरा ते दोन ही वेळ. पोलराइज्ड चष्मा लावून एकीला नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकावर, उभी कर. आणि बोये, वाट दाखवणारे तरंगते पिंप, आपल्या उलट! आपल्याकडे बंदरात शिरताना तांबडा डाव्या हाताला, तिथे उजव्या.

बेक्विया बेट ते कॅनुआन बेट २० सागरी मैल, ६ नॉटने (ताशी ६ सागरी मैल) साडेतीन तास. पण पाहुणे असले की निघायलाच अकरा वाजतात: एकीची अंघोळ, दुसरीचे फोटो. म्हणून म्हणतो, तीन. बेटाच्या आडोशाला वारा गरीब वाटतो, टोक ओलांडलं की एकदम अंगावर येतो. जानेवारीत २५-३० नॉटही. आडोशात असतानाच शीड रीफ कर, म्हणजे आवरून लहान कर, खाडीत पोचल्यावर नव्हे. ज्यांना बोट लागते त्यांना सिनारिझिनची गोळी निघण्याआधी दोन तास.

नांगर वाळूत टाक, समुद्रगवतावर नको. गवतात तो धरल्यासारखा वाटतो आणि रात्री घसरतो. खोली ५ मीटर, नाळेची उंची १, म्हणजे ६ च्या पाचपट, ३० मीटर साखळी. रात्री वारा असेल तर सातपट, ४२. मग इंजिन हळूहळू मागे, किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून बघ, आणि मास्क लावून खाली जाऊन नांगर बघून ये. हे सगळं उजेडात, म्हणून तर...

भाषण झालं, रागावू नकोस. तळाशीलला वल्ही तुझ्याहून लांब होती तेव्हाही दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाहीस. काका अजून सांगतो. बोलाईन गाठ डोळे मिटून मारायचीस, हे मी सगळ्यांना सांगतो, तुला कधी सांगितलं नसेल.

कॅरिअकू बेटावरची टिरेल बे ते ग्रेनेडाचं सेंट जॉर्जेस ३० मैल. सातला निघ. वाटेजवळ किक 'एम जेनी, पाण्याखालचा ज्वालामुखी, १.५ किलोमीटर लांबून जा, इशारा वाढवलेला असेल तर ५. निघण्याआधी विचार. परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेव. मैत्रिणींना तारीख नक्की हवी असेल तर गाव नक्की मागू नये, आणि गाव हवं असेल तर तारीख. विमान चुकेल म्हणून संध्याकाळी प्रवाळात शिरू नकोस. चुकू दे विमान. तिकिटाचे पैसे मी देईन.

युनियन बेटावरच्या क्लिफ्टनला देशाबाहेर पडल्याचे कागद घे, कॅरिअकूला आत आल्याचे. तिथे १ जुलै २०२४ च्या बेरिल वादळाने फार नुकसान केलं, जुन्या पायलट पुस्तकातल्या जेट्टीवर विसंबू नकोस. विंडवर्ड गावात लाकडी होड्या बांधतात, वेळ झाला तर बघ, फळ्या कशा बसवतात ते मला लिही.

तुझा
बाबा

ता. क. आईने चौघींबरोबर मेतकूट पाठवलंय. बराकुडा कुणी फुकट दिला तरी खाऊ नका. प्रवाळातल्या मोठ्या माशांत सिग्वाटेराचं विष असू शकतं, शिजवून जात नाही.