लाकडी बैलही दूध प्यायला होता

मा. संपादक, स.न.

कालच्या पुरवणीतला श्रद्धा आणि विज्ञान यांचं लग्न लावून देणारा लेख वाचला. तीन रकाने 'पुरावे' दिल्यावर लेखकमहाशय शेवटी बजावतात, श्रद्धेच्या प्रांतात पुरावा मागू नये. मग तीन रकाने काय चाललं होतं म्हणे?

२१ सप्टेंबर १९९५ आठवा. गुरुवार, ऐन पितृपक्ष. गणपती दूध पितोय म्हणून गावोगाव रांगा. आमची आई वाटी-चमचा घेऊन दीड तास उभी राहिली आणि डोळे पुसत घरी आली. मी तेव्हा शाळेत शास्त्र शिकवायचो, अंगात खुमखुमी. मुलाचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल टेबलावर ठेवला, भरला चमचा त्याच्या तोंडाला टेकवून जरासा कलता केला. बैलही प्यायला! पृष्ठताण (द्रवाच्या पृष्ठभागावरची ओढ) समजावला, मानेवरून पोटाखाली उतरलेला ओघळ बोटानं पुसून दाखवला. (दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून हेच दाखवलं.) आईनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "बैलात देव नाही असं कोण म्हणालं तुला?" आणि बैलाला हळदकुंकू वाहिलं.

मी निरुत्तर झालो, आजही आहे. पण तिनं पुढे कधी कुणाला 'सिद्ध झालं' म्हणून सांगितलं नाही. तुमच्या लेखकांना दोन्ही हवं. गणपती प्यायला की पुरावा, बैल प्यायला की 'हा श्रद्धेचा विषय आहे'. पुरावा शोधायला चमचा घेऊन आम्ही शास्त्रवाले गेलो नव्हतो, साहेब. २००६च्या ऑगस्टात माहीमला समुद्राचं पाणी गोड झालं, तेव्हाही तेच. पावसाळ्यात मिठी नदी तिथंच येऊन मिळते हे मुंबईकराला सांगायला हवं का? पालिका पिऊ नका म्हणत होती आणि लोक बाटल्या भरत होते.

जाता जाता. परवा मीन राशीला मागच्याच आठवड्याचं भविष्य शब्दशः छापलंत. धनलाभ दोन्ही आठवडे झाला नाही. तेवढी रक्कम अंकाच्या बिलातून वजा केलीत तरी माझी श्रद्धा बसेल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, वर्धा
(नाव छापू नये. आईच्या भजनी मंडळातल्या बायका अंक वाचतात.)